"नाकाचं हाड वाढलंय" म्हणाले, आता पुढे काय?

आमच्या इंदुरात नाक चोंदलं की निदान तयारच असतं. पोह्याच्या गाडीवरचा भिया सांगतो, मेडिकलवाला सांगतो, शेजारच्या काकू तर खात्रीनेच सांगतात, "हाड वाढलंय, ऑपरेशन करून टाका." त्याच दमात दुसऱ्या काकू म्हणतात, "अजिबात करू नका, परत वाढतं." मी दोघींचं ऐकून चार वर्षं काढली आणि मग ऑपरेशन करून घेतलं. गेल्या वर्षी भाच्याचं झालं, तेव्हा सगळी धावपळ माझ्याच गळ्यात होती. तेव्हापासून ओळखीपाळखीत कोणाच्या रिपोर्टवर 'डीएनएस' (डेव्हिएटेड नेझल सेप्टम, म्हणजे नाकाचा पडदा वाकडा) लिहून आलं की फोन मला येतो. दर वेळी तेच सांगते, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही, निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा.

आधी हे हाड काय प्रकरण आहे ते बघू

हाड वाढत नाही. दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक भिंत असते, तो नाकाचा पडदा. पुढचा भाग कूर्चेचा, म्हणजे दाबला तर लवचिक लागतो तो. मागचा भाग पातळ हाडाचा. दोन्हीवर ओलसर गुलाबी अस्तर. ही भिंत एका बाजूला झुकली की त्या बाजूची वाट अरुंद होते. कोणाची जन्मतः झुकलेली असते, कोणाची वाढीच्या वयात झुकते, कोणाला लहानपणी मार लागलेला असतो. माझ्या भाच्याला बाराव्या वर्षी क्रिकेटचा बॉल लागला होता.

आता खरी गोष्ट. अगदी सरळ पडदा असलेली माणसं थोडीच. बहुतेकांचा थोडाफार वाकडा असतो आणि त्यांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये 'डीएनएस' लिहून येतं आणि घरभर चिंता पसरते. पडदा वाकडा असणं हा आजार नाही, श्वास अडणं हा त्रास. हे दोन्ही एकमेकांशी जोडलेले आहेत का, एवढंच तुम्हाला शोधायचं आहे. पुढचा सगळा लेख त्या एका प्रश्नाभोवती आहे.

'नाकात मास वाढलंय' हेही तुमच्या कानावर येईल. नाकाच्या आत, बाहेरच्या बाजूच्या भिंतीला मांसल घड्या असतात, डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. आत येणारी हवा गरम आणि ओली करणं हे त्यांचं काम. ॲलर्जीने किंवा सर्दीने त्या फुगतात. पडदा डावीकडे झुकला तर उजवीकडे जागा जास्त उरते आणि तिथली घडी हळूहळू ती जागा भरून काढते. म्हणून कधी कधी वाकडेपणा डावीकडे आणि तक्रार उजवीकडे, असा विचित्र प्रकार होतो. माझा हाच होता. (पॉलिप ही तिसरीच गोष्ट, द्राक्षाच्या मण्यासारखी. तिचे उपचार वेगळे, इथे त्यात शिरत नाही.)

पहिली पायरी: एक आठवडा घरीच मोजा

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "कोणती बाजू बंद असते?" आणि आपण म्हणतो, "कधी ही, कधी ती." यात गोंधळायचं कारण नाही. निरोगी नाकातही काही काही तासांनी एक बाजू थोडी बंद आणि दुसरी मोकळी, अशी पाळी चालूच असते. तुम्हाला बघायचंय ते असं, की एकच बाजू जवळजवळ कायम बंद असते का.

स्वयंपाकघरातली स्टीलची ताटली घ्या, थंड पाण्याखाली धरा, पुसा. नाकाखाली आडवी धरून तोंड मिटून सावकाश श्वास सोडा. ताटलीवर वाफेचे दोन डाग उठतील. दोन्ही सारखे आहेत, की एक रुपयाएवढा आणि दुसरा मटारच्या दाण्याएवढा? सकाळी, दुपारी, रात्री करून कागदावर लिहा. मी गॅसच्या ओट्याजवळ पंचांगाच्या मागच्या पानावर लिहीत होते. दवाखान्यातही पूर्वीपासून असंच धातूची पट्टी धरून बघतात.

दुसरी चाचणी. बंद बाजूच्या गालावर, नाकाच्या शेजारी बोट ठेवून गाल हलकेच बाहेर ओढा आणि श्वास घ्या. एकदम मोकळं वाटलं तर अडचण नाकाच्या तोंडाशीच, जिथे वाट सगळ्यात अरुंद असते तिथे असू शकते. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तिथली दुरुस्ती वेगळ्या पद्धतीची असते.

आणि गेल्या महिन्याभरातल्या पाच गोष्टींना ० ते ४ गुण द्या. नाक जड वाटणं, नाक बंद होणं, नाकाने श्वास घ्यायला त्रास, झोपेत त्रास, जिना चढताना किंवा व्यायाम करताना नाकातून पुरेशी हवा न मिळणं. बेरजेला पाचाने गुणलं की शंभरापैकी आकडा येतो. जगभरचे नाक-कान-घशाचे डॉक्टर हीच मोजपट्टी वापरतात. आज आलेला आकडा जपून ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

दुसरी पायरी: तपासणी

सरकारी वाट म्हणजे एमवाय, आमचं महाराजा यशवंतराव रुग्णालय. एमजीएम मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे आणि तिथे नाक-कान-घसा विभाग आहे. सकाळी लवकर जा, पर्चा काढा, पाण्याची बाटली आणि थोडी सहनशक्ती बरोबर ठेवा. गावात नवीन असाल आणि हिंदी अडखळत असेल तरी काळजी नको, इंदुरात कुठल्याही रांगेत एखादं मराठी माणूस सापडतंच. खासगीत जायचं तर नाक-कान-घशाच्या तज्ज्ञाकडेच जा आणि 'दुर्बिणीने बघाल ना?' असं आधी फोनवर विचारा.

साध्या दिव्याने पडद्याचा पुढचा भाग दिसतो, मागचा दिसत नाही. त्यासाठी बारीक दुर्बीण घालतात. आधी बधिर करणारं औषध लावतात, घसा थोडा वेळ जाड वाटतो, डोळ्यांतून पाणी येतं, दोन-चार मिनिटांत संपतं. पडद्याबरोबर टर्बिनेट, पॉलिप, पू, आणि लहान मुलांत ॲडिनॉइड (नाकाच्या अगदी मागची गाठ), सगळं एकदम कळतं.

सीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. सायनसचा त्रास वारंवार होत असेल, पॉलिपची शंका असेल, तेव्हा त्याचा उपयोग. माझ्या पहिल्या डॉक्टरांनी (नाव कशाला घ्यायचं) दुर्बीण न घालता, पाच मिनिटांत, नुसत्या स्कॅनच्या कागदावर ऑपरेशनची तारीख लिहून दिली होती. मी तो कागद घेऊन घरी आले आणि दुसरीकडे गेले. तुम्हीही जा. दुसरं मत घेतलं म्हणून पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

दोन गोष्टी स्वतःहून सांगा. शिंका, डोळ्यांना खाज, धुळीत किंवा गाजरगवत फुललं की वाढणारी सर्दी असेल तर ती ॲलर्जी, आणि पडदा सरळ केला तरी ती जाणार नाही. दुसरं, घरचे म्हणत असतील की तुम्ही घोरता आणि झोपेत मधेच श्वास थांबतो, तर झोपेची तपासणी आधी. नुसत्या पडद्याच्या ऑपरेशनने झोपेतला श्वास थांबणं सहसा बरं होत नाही. डोकेदुखीचंही तसंच. 'पडद्यामुळे डोकं दुखतं' असं म्हणून लगेच टेबलावर चढू नका, डोकेदुखीला इतर शंभर कारणं असतात.

तिसरी पायरी: औषधांचे सहा आठवडे, पण नीट

कुठलीही गोळी, फवारा, काढा किंवा तेल वाकडी कूर्चा सरळ करत नाही. मग औषध कशाला? कारण वाट अडते ती थोडी पडद्याने आणि थोडी सुजेने. सूज उतरली की उरलेल्या वाटेने काम भागतं का, हे आधी बघायचं. खूप जणांचं भागतं. आणि नाही भागलं, तर ऑपरेशनची गरज खरी आहे हे तरी कळतं.

*नाक धुणं.* एक पेला, साधारण २४० मिलि, पाणी चांगलं उकळून कोमट होऊ द्या. त्यात पाव ते अर्धा चहाचा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. मेडिकलमध्ये तयार पुड्या आणि बाटली मिळते, ती सोपी. बेसिनवर वाकून मान तिरकी करा, तोंड उघडं ठेवा, वरच्या नाकपुडीतून हळू सोडा. नळाचं पाणी तसंच वापरायचं नाही, फिल्टरचंही नाही. नर्मदेचं पाणी आपण कौतुकाने पितो, पण पोटात गेलेले जंतू पोटातलं आम्ल मारतं, नाकात तशी सोय नाही. क्वचित का होईना, अशा पाण्यातून मेंदूपर्यंत पोचणारा जीवघेणा अमीबा जाऊ शकतो. म्हणून उकळूनच. जलनेती करणाऱ्यांनाही हेच लागू.

*स्टेरॉइडचा फवारा.* फ्लुटिकासोन, मोमेटासोन अशी नावं असतात. 'स्टेरॉइड' म्हटलं की आमच्याकडे सासूबाई बाटली लपवून ठेवायच्या. यातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि रक्तात फार थोडी जाते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो महिनोन्महिने चालतो. पण फवारा मारायची पद्धत नव्वद टक्के घरांत चुकते, असं म्हणायचा मोह होतो. आकडा माझ्या मनचा, चूक मात्र खरी आहे, कारण मी स्वतः सहा महिने चुकीचा मारत होते.

पद्धत अशी. आधी नाक धुऊन दहा मिनिटं थांबा. बाटली हलवा. मान मागे टाकायची नाही, उलट पुढे झुकवून पायाच्या बोटांकडे बघा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा. हात असा तिरका आला की नळीचं तोंड आपोआप बाहेर, त्याच बाजूच्या कानाकडे होतं. फवारताना हलका श्वास घ्या, वास घेतल्याइतका. जोरात ओढलात तर सगळं घशात जातं आणि कडू चव येते. कडू चव आली म्हणजे औषध वाया गेलं समजा. घोळणा फुटायला लागला, तर समजा तुम्ही मधल्या पडद्यावरच मारताय. आणि हे दुखण्याचं औषध नाही, की मारलं आणि मोकळं झालं. फरक जाणवायला काही दिवस लागतात, पूर्ण कळायला दोन ते चार आठवडे. रोज मारायचं, बरं वाटलं त्या दिवशीही.

ॲलर्जी असेल तर डॉक्टर गोळीही देतील. रात्री नाकावर बाहेरून चिकटवायची पट्टी मिळते, तीही करून बघा, काहींना झोपेत बराच आराम पडतो. तूप किंवा तेल बोटाने लावून कोरडेपणाला बरं वाटतं, मीही लावते. पण तेलाचे थेंब रोज मागेपर्यंत सोडणं टाळा, विशेषतः घरातल्या म्हाताऱ्या माणसांना. तेल फुप्फुसात उतरून त्रास होऊ शकतो.

*आता ते थेंब.* ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन. नाकात टाकले की दोन मिनिटांत स्वर्ग. ही बाटली पाच दिवसांपेक्षा जास्त चालवायची नाही, तीन दिवसांत थांबवता आली तर उत्तम. पुढे गेलात तर औषध उतरताच नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं, मग परत थेंब, परत चोंदणं. मी दीड वर्ष या चक्रात होते. एक बाटली उशाखाली, एक पर्समध्ये, एक देव्हाऱ्याच्या कपाटात. ग्वाल्हेरला एका लग्नात बाटली घरी राहिली, तर वरमाला सोडून मी मेडिकल शोधत फिरले. सुटका अशी झाली: डॉक्टरांनी स्टेरॉइडचा फवारा सुरू केला आणि थेंब आधी एकाच नाकपुडीतले बंद केले. निदान एका बाजूने श्वास चालू राहायचा. ती बाजू सुधारल्यावर दुसरी. मधले आठ-दहा दिवस वाईट जातात, बसून झोपावं लागतं. रक्तदाब असलेल्यांनी तर हे थेंब आणि सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

सहा आठवड्यांनी ताटली परत काढा, गुण परत मोजा. आकडा चांगला उतरला असेल आणि झोप लागत असेल, तर इथेच थांबा. तेवढ्यासाठी ऑपरेशन म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

चौथी पायरी: ऑपरेशन करायचं का

आकडा हलला नाही, एकच बाजू कायम बंद, दुर्बिणीत पडदा त्याच जागी अडलेला दिसतोय, तर मग टाळू नका. २०१९ साली नेदरलँड्समधला आणि २०२३ साली ब्रिटनमधला, असे दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. ज्यांना खरोखर त्रास होता अशा प्रौढांत नुसत्या औषधांपेक्षा ऑपरेशनने जास्त फरक पडला, असं दोन्हींत दिसलं. 'ज्यांना खरोखर त्रास होता' हे शब्द मात्र विसरू नका. घोळणा सारखा फुटणं, किंवा सायनसचं ऑपरेशन करताना वाकडा पडदा आड येणं, हीही योग्य कारणं आहेत.

मूळ ऑपरेशनला सेप्टोप्लास्टी म्हणतात. नाकाच्या आतूनच काप घेतात, बाहेर व्रण नाही. भिजवलेल्या बदामाचं साल अलगद सुटावं तसं पडद्यावरचं अस्तर दोन्ही बाजूंनी सोडवतात, वाकडा भाग काढतात किंवा सरळ करून परत बसवतात, अस्तर मिटवून विरघळणारे टाके घालतात. नाकाला आधार राहावा म्हणून पुढची आणि वरची पट्टी ठेवून देतात. आपल्या आजीच्या पिढीतल्या 'ऑपरेशननंतर नाक बसलं' या गोष्टी उगाच नव्हत्या, जुन्या पद्धतीत कूर्चेचा फार मोठा भाग काढून टाकत. आता ते क्वचित होतं.

टर्बिनेट फुगलेले असतील तर त्याच वेळी ते थोडे लहान करतात. नाक बाहेरूनही वाकडं असेल किंवा तोंडाशीच दबत असेल, तर सेप्टोरायनोप्लास्टी हे मोठं ऑपरेशन लागतं, आणि त्यासाठी ते नेहमी करणारा हात शोधावा लागतो. 'लेझरने करतो, रक्तच येत नाही' अशा पाट्या दिसल्या की मी नाक मुरडते. लेझरचा उपयोग टर्बिनेटला होतो. हाडाचा वाकडा भाग काढायला अवजारंच लागतात.

'परत वाढतं' या काकूंच्या वाक्याचं काय? हाड वाढत नाही, पण कूर्चेला थोडी आठवण असते, ती कधी कधी जुन्या वळणाकडे झुकते, किंवा मागचा एखादा भाग राहून गेलेला असतो. आणि बऱ्याचदा परत आलेली असते ती ॲलर्जीची सूज.

मुलांबद्दल एवढंच, की चेहऱ्याची वाढ चालू असते म्हणून साधारण सोळा-अठरा वर्षांपर्यंत थांबतात, फारच अडचण असेल तर अपवाद. पण लहान मुलाच्या नाकाला मार लागला आणि नाक दोन्ही बाजूंनी बंद झालं, आत मऊ लालसर फुगवटा दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पडद्यात रक्त साठतं, कूर्चेचं पोषण तुटतं आणि दोन-तीन दिवसांत ती गळून नाक कायमचं बसू शकतं. भाच्याच्या वेळी आम्ही बर्फ लावून झोपवलं होतं. नशीब चांगलं, एवढंच म्हणते.

सर्जनना हे विचारा: वाकडा भाग पुढे आहे की मागे? टर्बिनेटला हात लावणार का? नंतर नाकात बोळे घालणार का, आणि किती दिवस? भूल पूर्ण की जागेपुरती? धोके त्यांच्या तोंडून ऐका. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पडद्यात रक्त साठणं, पडद्याला भोक पडून शिट्टीसारखा आवाज येणं, आत अस्तर चिकटणं, वरचे पुढचे दात काही आठवडे बधिर वाटणं, वास कमी होणं. बहुतेकांना यातलं गंभीर काही होत नाही, पण 'काहीच होत नाही हो' म्हणणाऱ्याकडून मी करून घेणार नाही.

पैसे आणि विमा

खर्चाचा कागद लेखी मागा. त्यात खोली, भूलतज्ज्ञ, अवजारांचं शुल्क, बोळे किंवा सिलिकॉनच्या पट्ट्या, आणि नंतरच्या दुर्बिणीच्या सफाया धरल्यात का ते बघा. ही शेवटची बाब नेहमी बाहेर राहते. विम्याच्या बहुतेक पॉलिसींत नाक-कान-घशाच्या अशा ऑपरेशनला दोन वर्षांची प्रतीक्षा असते, कुठे जास्त. नवी पॉलिसी घेऊन लगेच गेलात तर दावा नामंजूर होईल. कागदावर 'श्वासाला अडथळा' हे कारण स्पष्ट हवं, कारण रूप सुधारण्यासाठी केलेलं नाकाचं ऑपरेशन विम्यात बसत नाही. आयुष्मान कार्ड असेल तर भरती होण्याआधी त्या खिडकीवर चौकशी करा, नंतर नाही.

पाचवी पायरी: तारीख

मुहूर्त मी बघत नाही, पण पंचांग बघते. रंगपंचमीच्या आधीचा महिना नको. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा यंत्रांनी तीन-चार मजले उंच गुलाल उडतो आणि तो आठवडाभर गल्लीबोळांत तरंगत राहतो. घरात लग्न किंवा रंगकाम असेल तरी नको. कामावरून आठ-दहा दिवस सुट्टी धरा. विमानप्रवास दोन आठवडे टाळायला सांगतात.

रक्त, साखर, ईसीजी वगैरे तपासण्या होतील. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी बंद करायची ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच, स्वतःहून नाही. काढे, चूर्णं, सगळं सांगून टाका. सिगारेट सोडा, जखम भरायला ती आडवी येते. आदल्या रात्रीनंतर उपाशी म्हणजे उपाशी. दुधाचा चहा हे पाणी नाही, ते खाणं धरतात. भाच्याने सकाळी सहाला 'अर्धाच कप' घेतला आणि त्याचा नंबर दुपारपर्यंत मागे गेला.

सहावी पायरी: टेबल, बोळे, पहिले दोन दिवस

ऑपरेशन अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत चालतं. शुद्धीवर आल्यावर दुखण्यापेक्षा गुदमरल्यासारखं जास्त वाटतं. बोळे घातले असतील तर दोन्ही बाजूंनी नाक बंद आणि श्वास तोंडाने. ओठ सुकतात, घास गिळताना कानात दडा बसतो, डोळ्यांतून पाणी गळतं. आदल्या रात्री नाक बोटांनी चिमटून तोंडाने श्वास घ्यायचा दहा मिनिटं सराव करा. भाच्याकडून करून घेतला होता, तेव्हा तो हसला, नंतर नाही हसला. उशाशी पाण्याचा पेला, चमचा आणि ओठांना तूप ठेवा. डोकं दोन उशांवर.

काही सर्जन आता बोळ्यांऐवजी पडद्याला आरपार टाके घालतात किंवा सिलिकॉनच्या पट्ट्या ठेवतात. पट्ट्या साधारण आठवड्याने काढतात. बोळे बहुधा एक-दोन दिवसांत निघतात. काढण्याच्या तासभर आधी दुखण्याची गोळी द्यायला सांगा आणि बोळे ओले करून काढायला सांगा. काढताना वाटतं, हे एवढं मोठं आत कसं मावलं होतं! पाच-दहा सेकंद वाईट असतात, मग थोडं रक्त, आणि मग हवा. ती पहिली हवा थंड लागते, अगदी डोळ्यांच्या मागपर्यंत. मी तिथेच रडले होते.

पण ही हवा दुसऱ्या दिवशी गायब होते. आतली सूज आणि खपल्या वाट परत अडवतात आणि माणूस घाबरतो, 'फुकट गेलं!' फुकट गेलेलं नसतं.

सातवी पायरी: घरचे तीन आठवडे

नाक शिंकरायचं नाही. दोन आठवडे अजिबात नाही, कितीही वाटलं तरी. शिंक आली तर तोंड उघडून शिंका. पाण्याची बादली, गॅसची टाकी, नातवंड, काही उचलायचं नाही. वाकून फरशी पुसायची नाही. गरम वाफ घ्यायची नाही, हे आवर्जून लिहिते, कारण भेटायला येणारे सगळे वाफ घ्यायलाच सांगतात. आंघोळ कोमट पाण्याने. जेवण कोमट आणि मऊ: वरणभात, खिचडी, ताक. सराफा बाजारातला तळलेला गराडू (कंद) आणि त्यावरचं जिरावण (इंदुरी मसाला) वाट बघेल, तिखटाने नाक गळायला लागतं. वास येत नसल्याने आठवडाभर पोहे भुशासारखे लागतात, तेही तात्पुरतं.

सलाइनचे थेंब किंवा फवारा डॉक्टर सांगतील तितक्या वेळा, झोपेचा तास सोडून. ऑपरेशन चांगलं होऊनही निकाल बिघडतो तो बहुतेक इथे: खपल्या कोरड्या होतात, माणूस बोटाने किंवा काडीने काढतो, जखम परत उघडते. खपली ओली ठेवा, ती स्वतःच सुटते. साधारण आठवड्याने आणि मग दोन-तीन आठवड्यांनी दुर्बिणीने सफाईला बोलावतात. ती चुकवू नका, आत काही चिकटत असेल तर तेव्हाच सोडवता येतं.

दोन-तीन दिवस गुलाबीसर पाणी येणं ठीक. पण पुढे वाकून, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं चिमटून धरूनही लाल रक्त थांबत नसेल, ताप १०१ च्या वर गेला असेल, दुखणं कमी व्हायचं सोडून वाढतंय आणि दोन्ही बाजू गच्च झाल्यात, मान आखडली, दिसायला अंधूक झालं, किंवा वाकलं की एका बाजूने पाण्यासारखं पातळ ठिबकतंय, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा. म्हणून घरी येतानाच रात्रीचा फोन नंबर मागून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा.

खरा निकाल सुमारे तीन महिन्यांनी बघायचा. ताटली काढा, पाच प्रश्नांचे गुण तिसऱ्यांदा मोजा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. ॲलर्जी असेल तर फवारा पुढेही चालू राहील. भाच्याचा चालू आहे, माझा फक्त थंडीत. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि सीटीची सीडी एका पिशवीत घालून कपाटात ठेवा. वीस वर्षांनी दुसऱ्या कोणाला त्या नाकात बघावं लागलं, तर आत कूर्चा किती उरली आहे हे तो आधी त्या कागदावरच शोधेल.